पंढरीचा चित्रकार

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीच्या तीरावर पंढरपूर हे पुरातन क्षेत्र वसले आहे. येथे नदीचे पात्र चंद्रकोरीप्रमाणे वळण घेते, म्हणून तिला चंद्रभागा हे नाव मिळाले. आषाढी-कार्तिकीस टाळमृदंगांच्या घोषात लाखो वारकरी येथे लोटतात. विटेवर उभ्या असलेल्या विठ्ठलास ते देव म्हणून वंदन करतात आणि माउली म्हणून आळवितात. ज्या गावी देवालाही आई म्हणून हाक मारतात, त्याच गावी असा एक मुलगा जन्मास आला, की ज्याला स्वतःच्या आईचा चेहरा कधीच आठवला नाही. पुढे हा मुलगा थोर चित्रकार झाला. त्याच्या कुंचल्याने माणसे, घोडे, हत्ती, नगरे आणि खेडी यांची असंख्य चित्रे रंगविली. पण आईचा चेहरा मात्र त्याला अखेरपर्यंत रंगविता आला नाही. त्या चित्रकाराचे नाव मकबूल फिदा हुसेन.

हुसेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात एका बोहरा मुसलमान कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. आजोबा अब्दुल हे पत्र्याचे काम करीत आणि दिवे-कंदील विकीत. त्या काळी गावोगावी विजेचे दिवे पोहोचले नव्हते. सांज झाली की घरोघर कंदिलाची काच पुसली जाई, वात सारखी केली जाई आणि मग तो मिणमिणता पिवळा उजेड भिंतींवर मोठमोठ्या सावल्या नाचवू लागे. मकबूलच्या डोळ्यांनी पाहिलेले पहिले प्रकाशाचे आणि छायेचे खेळ हे असे होते.

मकबूल जेमतेम दीड वर्षाचा असताना त्याच्या आईचे निधन झाले. तिचे एकही छायाचित्र घरात नव्हते. ती महाराष्ट्रीय पद्धतीचे लुगडे नेसत असे, एवढीच तिची खूण त्याच्यापाशी उरली. मूल मोठे होते, तेव्हा त्याला आईचा आवाज, तिचा हात, तिचे हसणे यांचा आठव राहतो. मकबूलच्या वाट्यास यांतले काहीच आले नाही. ही पोकळी त्याच्या मनात कायमची राहिली.

आईच्या मागे वडिलांनी पंढरपूर सोडले आणि ते इंदुरास गेले. तेथील एका कापडगिरणीत त्यांना हिशेबाच्या कामाची नोकरी मिळाली. त्यांनी दुसरा विवाह केला. मकबूलचे खरे विश्व मात्र त्याचे आजोबा हेच होते. त्यांचे बोट धरून तो हिंडे आणि रस्त्यावरील टांगे, घोडे व माणसे डोळे भरून पाही. मोहरमच्या दिवसांत निघणारा दुलदुल घोडा तर त्याच्या मनात घर करून बसला. पुढे हुसेन यांच्या चित्रांतून जे घोडे चौखूर उधळले, त्यांची पहिली टाप या बालपणीच्या रस्त्यांवर उमटली होती.

परंतु आजोबांचे छत्रही फार काळ लाभले नाही. त्यांचा मृत्यू झाल्यावर मकबूल कोणाशी बोलेनासा झाला. तो त्यांच्याच खोलीत स्वतःला कोंडून घेई आणि रात्री त्यांची अचकन अंगावर ओढून झोपे. मुलाची ही अवस्था पाहून वडिलांना चिंता वाटू लागली. चार मुलांत राहिला तर त्याचे मन रमेल, या विचाराने त्यांनी त्याला बडोद्याच्या एका वसतिगृहयुक्त शाळेत पाठविले.

बडोदा हे महाराज सयाजीराव गायकवाडांचे स्वच्छ व टुमदार नगर होते. तेथील शाळेत एके दिवशी चित्रकलेच्या शिक्षकांनी फळ्यावर पांढऱ्या खडूने एक मोठा पक्षी काढला आणि तो पाहून पाटीवर काढण्यास मुलांना सांगितले. मकबूलने काढलेला पक्षी इतका हुबेहूब साधला होता, की जणू फळ्यावरचा पक्षीच उडून पाटीवर येऊन बसला असावा. शिक्षकांनी त्याला दहापैकी दहा गुण दिले. आणखी एकदा गांधीजींच्या जयंतीच्या दिवशी वर्ग भरण्यापूर्वीच त्याने फळ्यावर महात्माजींचे चित्र रेखाटून ठेवले. याच काळात त्याने अरबी अक्षरांच्या सुलेखनाचाही अभ्यास केला. सुलेखनात बोरूची एक रेघ चुकली, तर ती पुसता येत नाही. हात स्थिर ठेवून आणि मनात आकृती पूर्ण ठरवूनच रेघ ओढावी लागते. हा संस्कार हुसेन यांच्या हातास जन्मभर पुरला.

शिक्षण आटोपून मकबूल इंदुरास परतला, तेव्हा मुलाने व्यापार शिकावा असे घरच्यांना वाटू लागले. त्याला राणीपुरा बाजारातील काकांच्या दुकानावर बसविण्यात आले. दुकानावर तो बसे खरा. पण त्याचे लक्ष गल्ल्याकडे नसे, रस्त्याकडे असे. डोक्यावर ओझे घेऊन वाकलेला हमाल जाई, घुंगट घेतलेली बाई जाई, दाढीवाला पठाण जाई, आणि मकबूलची पेन्सिल कागदावर चालू लागे. दिवस मावळताना दहा रुपयांचा हिशेब लिहिलेला असे आणि वीस रेखाचित्रे तयार असत.

त्याच सुमारास इंदुरात 'सिंहगड' हा चित्रपट आला. त्याची जाहिरात पाहून मकबूलच्या मनाने घेतले, की आपणही असेच मोठे तैलचित्र रंगवावे. परंतु तैलरंग आणावेत कोठून? काकांपाशी पैसे मागण्याची सोय नव्हती. तेव्हा त्याने आपली भूगोलाची व इतिहासाची पुस्तके देऊन टाकली आणि त्या पैशांतून रंगांच्या नळ्या आणल्या. दुकानात बसूनच त्याने आपले पहिले तैलचित्र पुरे केले. काका अर्थातच संतापले आणि त्यांनी वडिलांकडे तक्रार केली. वडिलांनी ते चित्र पाहिले. रागे भरण्याऐवजी त्यांनी मुलाला पोटाशी धरले.

इंदूरच्या चित्रशाळेत त्या वेळी दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे मराठी कलाशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली अनेक गुणी चित्रकार तयार झाले. हुसेन यांनीही तेथील संध्याकाळच्या वर्गात धडे घेतले. देवळालीकरांचे एक ज्येष्ठ शिष्य म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे. एकदा उघड्यावर चित्र रंगवीत असताना त्यांची व या तरुणाची गाठ पडली. मुलाच्या हातातील गुण बेंद्र्यांनी तत्काळ ओळखला आणि घरी जाऊन त्यांनी वडिलांची समजूत घातली. गिरणीत हिशेब लिहिणाऱ्या त्या गृहस्थाने मोठे धाडस केले. चित्रकलेवर पोट भरते, असे तेव्हा कोणी मानीत नसे. तरी मुंबईहून रंग व कॅनव्हास मागवून त्यांनी मुलाला त्याच्या वाटेने जाऊ दिले.

वयाची विशी उलटण्याच्या सुमारास हुसेन मुंबईस आले. खिशात पैसा नव्हता आणि राहण्यास घर नव्हते. अनेक रात्री त्यांनी पदपथावर काढल्या. पोटासाठी त्यांनी चित्रपटांच्या जाहिरातींचे फलक रंगविण्याचे काम पत्करले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. तळहाताएवढ्या छायाचित्रावरून वीस-वीस, चाळीस-चाळीस फुटांचा फलक रंगवावयाचा असे. अशा कामात लहान छायाचित्रावर चौकटी आखून घेतात, त्याच प्रमाणात फलकावर मोठ्या चौकटी आखतात आणि एकेका चौकटीतील आकार वाढवीत नेतात. रंगवणारा फलकाच्या इतका जवळ असतो, की नटाचा एक डोळा त्याच्या छातीएवढा असतो. संपूर्ण चेहरा कसा दिसेल, हे त्याला मनातच पाहावे लागते. या कामाची मजुरी चौरस फुटास अवघे काही आणे मिळे. तरी या कष्टांतून हुसेन एक गोष्ट शिकले. मोठ्या पृष्ठभागाची भीती त्यांना उरली नाही. लांबरुंद कॅनव्हासवर एका झपाट्यात, न डगमगता रेषा ओढण्याचे सामर्थ्य त्यांना मुंबईच्या रस्त्यांनी दिले.

१९४१ मध्ये त्यांचा फाजिला यांच्याशी विवाह झाला. संसाराची जबाबदारी आली, तेव्हा नियमित मिळकतीची निकड भासू लागली. त्यांनी मुलांसाठी लाकडी खेळणी व फर्निचर तयार करणाऱ्या एका व्यवसायात नोकरी धरली. तेथे ते खेळण्यांचे नमुने काढीत आणि ती रंगवीत. लाकडी हत्तीला किंवा घोड्याला बारीकसारीक तपशील लागत नाहीत. थोडक्या, ठळक आकारातून तो प्राणी ओळखू यावा लागतो. हुसेन यांच्या पुढील चित्रांतील सुटसुटीत, भरदार आकार पाहिले, म्हणजे या खेळण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळी चित्रे, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे अखंड चालू होता.

१९४७ हे साल देशाच्या आणि हुसेन यांच्याही जीवनात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचे 'सुनहरा संसार' हे चित्र लागले आणि ते नावाजले गेले. फलक रंगविणारा एक कारागीर चित्रकार म्हणून लोकांपुढे आला. त्याच सुमारास गोव्याचे तडफदार चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी काही तरुण कलावंतांना एकत्र आणून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सूझा, सय्यद हैदर रझा, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि हुसेन असे हे सहा जण होते. कोणी गोव्याचा, कोणी मध्य प्रांताच्या जंगलांच्या शेजारचा, कोणी विदर्भातला. आरांनी तर मुंबईत घरकाम करून दिवस काढले होते. धर्म, भाषा आणि परिस्थिती यांनी भिन्न असलेल्या या तरुणांना एका ध्यासाने जवळ आणले होते. इंग्रजांनी शिकविलेली हुबेहूब चित्रे काढण्याची रीत त्यांना पुरेशी वाटत नव्हती. तसेच जुन्या भारतीय चित्रांची केवळ नक्कल करणेही त्यांना मान्य नव्हते. स्वतंत्र देशाची चित्रकला स्वतंत्र असावी, अशी त्यांची आकांक्षा होती.

ही नवी वाट हुसेन यांना दिल्लीत सापडली. १९४८ मध्ये तेथील गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, भारतीय कलेचे एक भव्य प्रदर्शन भरले होते. सूझांसह हुसेन ते पाहण्यास गेले. मथुरेच्या मूर्ती, गुप्तकाळातील शिल्पे आणि बसोली येथील लघुचित्रे पाहून ते भारावून गेले. शिल्पातील स्त्रीच्या देहाचा डौल, बसोलीच्या चित्रांतील तापलेले तांबडे व पिवळे रंग, आणि खेड्यापाड्यांतील भिंतींवर व खेळण्यांवर दिसणारे साधे आकार, या तीन गोष्टी त्यांनी मनात साठविल्या. पुढे युरोपात त्यांनी आधुनिक चित्रकारांच्या कृती पाहिल्या. एखादी वस्तू एकाच बाजूने न पाहता तिचे पैलू सुटे करून पुन्हा मांडण्याची पिकासोसारख्यांची रीत त्यांनी अभ्यासली. चीनमध्ये त्यांनी झू बेइहोंग या चित्रकाराचे शाईने रंगविलेले घोडे पाहिले. हे सारे पचवून त्यांनी स्वतःची शैली घडविली. जाड काळी रेषा, सपाट व झळझळीत रंग आणि तुकड्यातुकड्यांनी उभे राहिलेले आकार ही तिची लक्षणे होत. त्या चित्रांतील तंत्र आधुनिक आहे. पण त्यांतील बैल, जाते, बैलगाडी आणि डोक्यावर ओझे घेतलेली बाई ही या मातीतली आहेत.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९५४ मध्ये त्यांनी 'ग्रामयात्रा' हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र रंगविले. त्यात तेरा लहान-मोठ्या चौकटींतून खेड्यातील जीवन उलगडत जाते. 'जमीन' या त्यांच्या अशाच प्रशस्त चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते चित्र पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ठेवण्यात आले. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी कोळी आणि दिवा यांच्यामधील स्त्रियांचे एक प्रसिद्ध चित्र काढले. त्यात एकीच्या हाती धाग्याला लोंबणारा कोळी आहे आणि वरच्या बाजूस एक दिवा आहे. कंदील आणि छत्री या दोन वस्तू हुसेन यांच्या कितीतरी चित्रांत पुन्हा पुन्हा दिसतात. पंढरपूरच्या त्या वृद्ध दिवेवाल्याचा नातू आजोबांना विसरला नव्हता, हेच त्यांतून दिसते.

कीर्ती वाढली, तशी हुसेन यांची राहणीही लोकांच्या कौतुकाचा विषय झाली. उंच सडपातळ बांधा, पुढे पांढरी झालेली दाढी आणि हातात लांबलचक कुंचला, अशी त्यांची मूर्ती सर्वांच्या परिचयाची झाली. ते अनवाणी चालत. यामागे एक हृद्य प्रसंग आहे. १९६४ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध हे मराठीभाषी घरातील थोर हिंदी कवी दिल्लीत निधन पावले. त्यांचे आयुष्य दारिद्र्यात गेले होते आणि त्यांच्या कवितेची खरी योग्यता लोकांना फार उशिरा कळली. त्यांच्या अंत्ययात्रेत चालताना हुसेन यांनी पायांतील जोडे काढून टाकले आणि पुढे जन्मभर ते बहुधा अनवाणीच राहिले. श्रीमंतांच्या मेजवानीत काय आणि परदेशातील समारंभात काय, त्यांचे पाय उघडेच असत.

त्यांची चित्रे धनिकांच्या दिवाणखान्यांत लागू लागली होती. तेव्हा समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांनी त्यांना सुचविले, की देशातील सामान्य खेडूत ज्या कथा हृदयात बाळगतात, त्या रामायण-महाभारताच्या कथा त्यांनी रंगवाव्यात. हुसेन यांनी हे मनावर घेतले. त्यांनी वाल्मीकींचे व तुलसीदासांचे रामायण अभ्यासले, जाणत्या पंडितांशी चर्चा केली आणि हैदराबादेस बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून अनेक वर्षांत सुमारे दीडशे चित्रे रंगविली. त्यांतील काही चित्रे बैलगाड्यांवर ठेवून हैदराबादजवळच्या खेड्यांत नेण्यात आली. शहरातील जाणकार त्यांच्या चित्रांपुढे उभे राहून अर्थ विचारीत. खेड्यांतील माणसांनी मात्र काही न विचारता राम, सीता आणि हनुमान यांना ओळखले.

हुसेन केवळ रंगांवर थांबले नाहीत. फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' हा लघुपट तयार केला. त्यात कथा नाही आणि संवादही नाहीत. छत्री, कंदील, जोडा, जनावरे, वाडे आणि वाळूत चालणारी माणसे यांची चित्रे तेवढी एकामागून एक येतात. १९६७ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल हे पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथील जागतिक कलाप्रदर्शनात पिकासो यांच्यासह हुसेन यांना खास निमंत्रण होते. तेथे त्यांनी महाभारतावरील चित्रे मांडली. अहमदाबादेत वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांच्यासह त्यांनी जमिनीखाली एक अपूर्व चित्रदालन साकारले. त्याची घुमटाकार छपरे कासवाच्या पाठीसारखी दिसतात आणि आतल्या वाकड्यातिकड्या भिंतींवर हुसेन यांनी चित्रे रंगविली आहेत. भारत सरकारने त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री, १९७३ मध्ये पद्मभूषण आणि १९९१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान दिले. १९८६ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. सभागृहात इतर सदस्य भाषणे करीत, तेव्हा हुसेन समोरच्या कागदावर त्यांची रेखाचित्रे काढीत.

एवढी कीर्ती मिळाली, तरी मनातील ती जुनी पोकळी भरून आली नव्हती. कलकत्त्यात अनाथ व मरणासन्न रोग्यांची सेवा करणाऱ्या मदर तेरेसा यांच्यावर हुसेन यांनी चित्रांची एक मोठी मालिका रंगविली. त्यांत निळ्या काठांची पांढरी साडी आहे, तिच्या घड्या आहेत, मांडीवर निजलेले मूल आहे आणि ते मूल सावरणारे हात आहेत. परंतु पदराखाली जेथे चेहरा असावयाचा, तेथे केवळ काळोख आहे. आईची माया त्यांना ठाऊक होती, तिचे मुख ठाऊक नव्हते. आणि जे पाहिले नाही, ते खोटेपणाने रंगविणे त्यांना रुचले नाही. त्यांच्या चित्रांतील अनेक स्त्रिया अशाच चेहऱ्यावाचून उभ्या आहेत. प्रत्येक जण तेथे आपल्या आईचा चेहरा पाहू शकतो, आणि म्हणूनच एका पोरक्या मुलाचे दुःख सर्वांचे झाले आहे.

हुसेन यांची उतारवयातील वर्षे मात्र सुखाची गेली नाहीत. १९७० च्या सुमारास त्यांनी हिंदू देवतांची काही रेखाचित्रे काढली होती. त्यांत त्या देवता वस्त्रांवाचून दाखविल्या होत्या. १९९६ मध्ये ती एका मासिकातून पुन्हा लोकांपुढे आली, तेव्हा अनेकांच्या श्रद्धेस धक्का बसला आणि देशभर मोठा वाद उसळला. ज्या विषयावर लोकांची भक्ती आहे, तेथे कलावंताने अधिक जपावयास हवे होते, असे एका बाजूचे म्हणणे होते. आपल्या प्राचीन शिल्पांतही असे रूप आढळते आणि कलावंताचे स्वातंत्र्य अबाधित राहिले पाहिजे, असे दुसरी बाजू सांगत होती. हा वाद शब्दांपुरता राहिला नाही. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतील घरावर हल्ला झाला आणि ठिकठिकाणच्या न्यायालयांत त्यांच्यावर खटले दाखल झाले. २००६ मध्ये आणखी एका चित्रावरून वाद पेटला. तेव्हा त्यांनी क्षमा मागितली आणि ते चित्र मागे घेतले. परंतु विरोध शमला नाही. त्याच वर्षी, नव्वदी ओलांडलेल्या हुसेन यांनी देश सोडला.

मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचे खटले रद्द केले. न्यायालयात त्यांची सुटका झाली, तरी परत येण्याइतका विश्वास त्यांना वाटला नाही. ते दुबई, दोहा आणि लंडन येथे राहू लागले. २०१० मध्ये त्यांनी कतार देशाचे नागरिकत्व स्वीकारले. एकाच वेळी दोन देशांचे नागरिक राहण्यास भारताचा कायदा संमती देत नाही. त्यामुळे त्यांना भारतीय पारपत्र परत करावे लागले. ज्याने आयुष्यभर या देशातील माणसे व कथा रंगविल्या, त्या वृद्धाला हा क्षण किती जड गेला असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

परंतु त्यांचा कुंचला थांबला नाही. लंडनमध्ये राहून त्यांनी भारतीय संस्कृतीवर एक नवी मालिका हाती घेतली. तीन-तीन भाग जोडून केलेल्या त्या विशाल चित्रांत भारतातील देवदेवता, नृत्य, नगरे, सणवार आणि निरनिराळ्या घरांतील साधी माणसे आहेत. डोळ्यांपुढे परका देश होता. चित्रांत मात्र भारत होता. अशी आठ चित्रे त्यांच्या हातून पूर्ण झाली. पुढे २०१४ मध्ये ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडण्यात आली. ९ जून २०११ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, लंडनमध्ये हुसेन यांचे निधन झाले. तेथून जवळच असलेल्या ब्रुकवुड येथे त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, न्यूयॉर्क येथे 'ग्रामयात्रा' या चित्राचा लिलाव झाला. रंगविले त्याच वर्षी ते एका परदेशी डॉक्टरांनी विकत घेतले होते आणि नॉर्वेतील एका रुग्णालयाच्या भिंतीवर ते कित्येक दशके टांगलेले होते. लिलावात त्याला एक कोटी साडेसदतीस लाख डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात इतकी किंमत तोपर्यंत कधीच आली नव्हती. चौरस फुटास काही आणे घेऊन फलक रंगविणाऱ्या तरुणाचे हे चित्र होते.

तथापि चित्राचे मोल केवळ पैशांनी होत नाही. 'ग्रामयात्रे'च्या एका चौकटीत एक शेतकरी उभा आहे. बाया दळीत आहेत, पाखडीत आहेत, मुलांना सांभाळीत आहेत, बैलगाडी चालली आहे. गावोगाव रोज घडणाऱ्या आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात न येणाऱ्या या गोष्टी होत. दुकानाच्या गल्ल्यापाशी बसून रस्त्यावरच्या हमालाचे चित्र काढणाऱ्या मुलाने त्या पाहिल्या, जपून ठेवल्या आणि जगापुढे मांडल्या. हुसेन यांच्याजवळ प्रारंभी ना धन होते, ना घर, ना आईची छाया. पाहणारे डोळे आणि न थकणारा हात, एवढेच त्यांचे भांडवल होते. आणि ते त्यांनी अखेरच्या दिवसापर्यंत मुक्तहस्ताने खर्च केले.